मटण न चाखणारी मॅनेजर

आमच्या हॉटेलची मॅनेजर जैन होती असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे शाकाहारी हॉटेल होतं होय?" नाही हो. कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला, चांगलं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं, मटणाचं हॉटेल. रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही असलं. आणि त्याचा सगळा कारभार बघायची पद्माक्का, जिनं उभ्या आयुष्यात मटण सोडाच, कांदासुद्धा तोंडात घातला नव्हता.

मी तिथं गल्ल्यावर बसायचे. नाव मंगल. फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. मला माणसं चटकन आवडत नाहीत, आक्कासुद्धा आवडली नव्हती. उंच, वाळकी बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की स्वयंपाकघरातनं बोलली तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत होता. सकाळी कामावर गेला तो छातीत कळ येऊन परत आलाच नाही. पदरात स्नेहल, शाळकरी पोर. आमच्या मालकांना शाकाहारी थाळीकडं बघायला कुणीतरी बाईमाणूस पाहिजे होतं, म्हणून ही आली. मग ऐन दिवाळीच्या गर्दीत जुना मॅनेजर न सांगता पळाला, आणि मालक म्हणाले, "पद्मावैनी, दोन दिस पुढं उभ्या ऱ्हावा." ती उभी राहिली ती कायमचीच.

आता पंचाईत बघा. हॉटेल चालणार चवीवर, आणि मॅनेजरला चव घेता येत नाही. दुसरी कुणी असती तर आचाऱ्यावर टाकून मोकळी झाली असती. आक्कानं काय केलं, तर रोज हॉटेल उघडायच्या आधी सगळ्यांना मागच्या पत्र्याखाली उभं करायला सुरुवात केली. सगळ्यांना म्हणजे वाढणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, गल्ल्यावरची मी, झाडून सगळ्यांना. प्रत्येकाच्या हातात दोन वाट्या, एक तांबडा, एक पांढरा. आणि स्वतः समोर स्टुलावर बसून विचारायची, "मला कळत न्हाय. तू सांग."

"चांगलं झालंय" म्हटलेलं चालायचं नाही.

"चांगलं म्हंजे काय? जिभेला काय झालं, घशाला काय झालं, ते सांग की. मला हितं बसून कळाय पायजे."

आमचे आचारी महादूमामा पहिल्या दिवशी भडकलेच. "हॉटेल हाय का बालवाडी?" म्हणून पळी आपटून गेले. आक्का शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्ही रोज किती मरमर करता आणि कुणी एक शब्द बोलतं का तुमास्नी? आता सगळी बोलतील. ऐका तरी." मामा परत येऊन दारात उभे राहिले, तोंड फिरवून, पण कान आत.

हळूहळू माणसं बोलायला लागली. भाकरीवाली म्हणाली, खोबरं जुनं लागतंय. वाढणारी सुनीता म्हणाली, तांबडा जिभेला लागतोय पण घशात उतरला की गप होतोय. आक्का डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायची, आणि तोंडावर असं काही यायचं की वाटावं, हिलाच चव लागली. ज्या बायकांना "भांडी झाली का" यापलीकडं कुणी काही विचारलं नव्हतं, त्या घरातनं येतानाच आज काय सांगायचं याचा विचार करत यायला लागल्या. मीसुद्धा. हसू नका.

एक शेवंता मात्र बोलायची नाही. गारगोटीकडच्या खेड्यातली. नवऱ्यानं टाकलेली. मागं मोरीवर बसून ढीगभर पातेली घासायची. वाटी तोंडाला लावायची आणि मान खाली. आक्का तिला रोज विचारायची, थांबायची, आणि म्हणायची, "बरं, उद्या सांग." पावसाळा गेला, थंडी आली, हिचं आपलं "उद्या सांग" चालूच. मला तर कंटाळा आला. मी म्हटलं, "आक्का, ती मुकी हाय असं समजा आणि सोडा की तिचा नाद."

"मुकी न्हाय गं ती. तिला आजपतोर कुणी विचारलं न्हाय. सवय व्हायाला येळ लागतोय."

आणि एक दिवस शेवंता बोलली. वाटी खाली ठेवली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "आमची आई आसा करत न्हवती."

आक्का स्टुलावरनं उठलीच. "कसा करत होती?"

शेवंतानं सांगितलं. तिची आई पांढऱ्याला तीळ भाजून घ्यायची नाही, नुसते गरम करायची, खसखस पाट्यावर, आणि नारळाचं दूध शेवटी, विस्तव मागं ओढून. सांगता सांगता तिचा आवाज फुटला, आई जाऊन वर्षं झालेली. महादूमामांचं तोंड तर बघण्यासारखं झालेलं.

आक्का थेट मामांकडं गेली. मला वाटलं आता भांडण. ती म्हणाली, "मामा, हिला तुमच्या हाताखाली घ्या. तुमचे गुडघे बोलालेत, मला दिसतंय. तुमची चव तुमच्या मागं ऱ्हायाला पायजे का नको?" मामांनी हातातली पळी पुसून खुंटीला लावली. मग शेवंताला म्हणाले, "हात धू. साबणाचा वास येतोय." पुढं मामांनी काम सोडलं तेव्हा मालकांना त्यांनीच सांगितलं, मोठ्या चुलीवर शेवंता. मालकांनी डोळे मोठे केले. बाई? मोठ्या चुलीवर? मामा म्हणाले, "मग मला इचारू नका."

आक्का प्रेमळ होती असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातनं काढा. उशिरा आलेल्या बाईला ती सगळ्यांच्या देखत झाडायची. "कर्म माझं!" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची, आणि तिचं कर्म म्हणजे आम्ही. दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, म्हणून उन्हं कलली की बाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसायची. तेवढा वेळ हॉटेलला आग लागली तरी आक्काला हाक मारायची नाही. एका पोरीनं एकदा मारली. "मी मेलो असतो तर काय केलं असतंस?" आक्कानं विचारलं. आमच्याकडं बायका 'मेलो, आलो, जातो' असंच बोलतात. पोरगी रडकुंडीला आली. "रडू नको. काय केलं असतंस ते सांग." पोरीनं हुंदके देत सांगितलं. "मग जा आणि त्येच कर." अशानं माणसं तयार होतात की पळून जातात, ते तुम्हीच ठरवा. आमच्याकडची पळाली नाहीत.

एकदा एका टेबलावर पाचसहा जण बसलेले, गळ्यात जाड साखळ्या. त्यातला एक जण सुनीताला चुटकी वाजवून बोलवत होता. रस्सा आणला तर म्हणाला, "ए, जरा हसून वाढ की, पैसं देतोय." सुनीताच्या हातनं रस्सा टेबलावर सांडला. तो उठून ओरडायला लागला. आक्का चप्पल फटफट वाजवत आली, त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणाली, "हिचं नाव सुनीता. माफी मागून जेवायचं असलं तर बसा. न्हायतर हात धुवा."

"तू कोण? मोबाईलवर एक स्टार देतो बघ तुमच्या हॉटेलला!"

"दे की. वर आभाळात लई हायत, त्यातला एक हितं."

सगळं हॉटेल हसलं. ती माणसं उठून गेली. मालक तणतणत आले. "वैनी, गिऱ्हाईक घालवलं तुम्ही." आक्का म्हणाली, "गिऱ्हाईक येतंय वो परत. पोरगी गेली असती तर आली असती का?" तो साखळीवाला पुढच्याच महिन्यात बायकोपोरं घेऊन आला आणि खाली मान घालून जेवून गेला. पांढऱ्याच्या चार वाट्या प्यायला मेला.

एकदा आक्का तापानं आजारी पडली आणि मी घरी बघायला गेले. पुढच्या खोलीत खाटेवर पडलेली. तिची सासू, तिला सगळे अव्वा म्हणायचे, गरम पेज घेऊन आली आणि सुनेच्या कपाळावर पट्टी ठेवत बसली. मग माझ्या लक्षात आलं, की आक्काचं ताट-तांब्या वेगळा आहे, पुढच्या खोलीतच ठेवलेला. हॉटेलात कामाला लागल्यापासनं आक्का आपल्याच घरच्या स्वयंपाकघरात गेलेली नव्हती. रोज हॉटेलातनं निघताना अंघोळ करायची, लुगडं बदलायची, तरीही.

माझं डोकंच फिरलं. मी तोंडावर बोलले. अव्वा चिडली नाही. म्हणाली, "सून सोन्यागत हाय गं. पर माझं मन धजत न्हाय. म्हातारी झालो, आता काय बदलू?" आणि हीच अव्वा रोज पहाटे उठून सुनेचा डबा करायची, हेही खरं. आक्काच्या डब्यातली भाकरी नेहमी गरम असताना बांधलेली असायची, मी बघितलंय. बाहेर पडताना आक्का मला म्हणाली, "तिच्यावर चिडू नको. तिनं मला कामावर जायाला कधी अडवलं न्हाय. तुझी सासू असती तर?" माझ्या सासूचं नाव निघाल्यावर मी चपला पायात घातल्या.

मालकांनी शिरोलीकडं हायवेला दुसरं हॉटेल काढायचं ठरवलं. आणि एका दुपारी आक्काला म्हणाले, "वैनी, ते तुमचं. आत सगळ्या बायका ठेवा, चुलीपासनं गल्ल्यापतोर. तुमच्या ह्या बायकांच्या जिवावरच काढालोय मी." आक्का त्या दिवशी खडू घेऊन मागच्या फरशीवर बसली आणि आम्हाला रेघा मारून दाखवायला लागली. इथं मोठी चूल, शेवंताची. हिकडं भाकऱ्या. हिकडनं सुनीताच्या हाताखालच्या पोरी वाढायला बाहेर पडणार, आत येणाऱ्यांच्या अंगावर न जाता. मोरी मागं नको, उजेडात पाहिजे, घासणाऱ्या बाईला सगळं दिसलं पाहिजे. कपाळाला खडू लागलेला. मी तिला एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. एवढी वर्षं दुसऱ्याचं हॉटेल सांभाळलं, आता हे तिचं होणार होतं.

तेव्हाच स्नेहलचं स्थळ आलं.

पोरगी औषधांचं शिकून एका मेडिकलमध्ये नोकरीला लागली होती. मुलगा बॉर्डरकडच्या गावचा, जैनच, घरची शेती, मोठं दुकान. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा लई पसंत. मुलाचे वडील घरी येऊन आक्काशी बोलले, तेही हात जोडून. "आमचं स्वतःचं काय म्हणणं न्हाय. पण गावात, देवळात चार माणसं विचारतात, विहीणबाई काय करतात. काय सांगायचं?" आक्कानं विचार करून सांगतो म्हटलं. माणूस वाईट असता तर शिव्या घालून मोकळं झालो असतो आम्ही. तो वाईट नव्हता, हीच तर अडचण.

स्नेहल दुसऱ्या दिवशी हॉटेलात आली. ती सहसा यायची नाही. गल्ल्यासमोर उभी राहिली, मी तिथंच होते.

"आई, मी सोड म्हणत नाही."

"मग?"

"पण तू काहीच बोलली नाहीस काल. मला वाटलं, तू लगेच हो म्हणशील."

"विचार करतो म्हटलं की."

"माझ्यासाठी तुला विचार करावा लागतो?" पोरीचे डोळे भरले. "तुला इथल्या बायका माझ्यापेक्षा जवळच्या झाल्या, आई. बाबा गेल्यापासनं मी संध्याकाळची दाराकडं बघत बसायचे. तू इथं असायचीस."

मी गल्ल्यातल्या मोजलेल्या नोटा परत मोजायला घेतल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती. आक्कानं तिच्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "जा. त्यास्नी सांग, आईनं काम सोडलं."

दुसऱ्या दिवशी वाट्या हातात घेऊन आम्ही उभ्या असतानाच तिनं सगळ्यांना सांगितलं. मालकांना म्हणाली, शिरोलीचं हॉटेल शेवंताला आणि मंगलला द्या, त्या चालवतील. शेवंता म्हणाली, "मला न्हाय जमायचं आक्का. तुमच्याबिगर न्हाय." आक्का तिच्यावर खेकसली, "मग एवढी वर्सं मी काय माती शिकवली तुला?" आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. आम्ही वाट्या तशाच धरून उभ्या. त्या दिवशीचा रस्सा कसा झाला होता, कुणालाच आठवत नाही.

लग्नाची पत्रिका तिनं आम्हाला दिली नाही. स्वतः फोन करून सांगितलं. "मंगल, तुम्ही येऊ नका. दुसऱ्या कुणाकडनं कळाय नको म्हणून मीच सांगालोय. परत माझं तोंड बघणार न्हाय म्हटलं तरी चालंल, पण येऊ नका." मी म्हटलं, नाही येत. फोन ठेवल्यावर मात्र लई रडले.

पण शेवंता. आक्काच्या पोरीचं लग्न आणि आपल्याकडनं काहीच नाही, हे तिच्या मनाला पटेना. तिनं दोन दिवस सुट्टी घेऊन घरी नवी पातेली आणली, शेगडी घासून लख्ख केली, पुरण घातलं, तूप स्वतः कढवलं. "कांदा न्हाय, लसूण न्हाय, हाटेलातलं एक भांडं न्हाय. डबा दारातनं द्यायचा आणि माघारी यायचं." मी तिला सांगितलं की बाई, डबा कुठनं आला हे कळलं तर तिथं कोण हात लावंल? आमच्या हातचं ते, कितीही धुतलं तरी आमच्याच हातचं. ती ऐकेना. दुसरं काय येतं आम्हाला? माणूस जवळचं असलं की त्याला करून घालायचं, एवढंच आक्कानं शिकवलेलं. शेवटी शेवंता, सुनीता आणि मी, तिघी रिक्षा करून गेलो.

कार्यालयाच्या दारात पोचलो तर अक्षता पडलेल्या, दुपारच्या पंगती बसत होत्या. आणि दारातच आक्का उभी, पाहुण्यांना या-बसा करत. नवंकोरं लुगडं, डोक्यावर पदर. शेजारी व्याही. आम्हाला बघितलं आणि तिच्या तोंडावरचं रक्तच गेलं. शेवंतानं डबा पदराखाली घेतला.

व्याह्यांनी हसून विचारलं, "ह्या कोण, विहीणबाई?"

आक्का आमच्याकडं बघत होती. सरळ डोळ्यांत. म्हणाली, "म्हाईत न्हाय. ओळखीच्या न्हाईत माझ्या."

मी तोंड उघडणारच होते. सुनीतानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"म्हाईत नसलं म्हणून काय झालं?" व्याही म्हणाले. "मांडवाच्या दारात आलेलं माणूस उपाशी जातंय व्हय? बसवा की पंगतीत. बसा ओ बायांनो." चांगला माणूस. सांगितलं ना, वाईट नव्हता.

आम्ही बसलो. जाता येत नव्हतं, राहता येत नव्हतं. ताटं वाढली. डबा शेवंताच्या मांडीवर, पदराखाली, अजून गरम होता. तेवढ्यात व्याही पंगतीच्या त्या टोकाकडनं ओरडले, "विहीणबाई, जिलबीचा आग्रह तुमी करायचा! मुलीच्या आईनं फिराय पायजे!" बायका हसल्या. कुणीतरी आक्काच्या हातात जिलबीचं ताट दिलं.

ती एकेकीला वाढत आली. "घ्या की, एक तरी घ्या." तोच तो खणखणीत आवाज, पण आतनं चिरलेला. सुनीताच्या ताटात वाढली. माझ्या ताटात वाढली, माझ्याकडं बघितलं नाही. मग शेवंतापुढं वाकली आणि तिथं तिचा हात थांबेचना. एक जिलबी, दुसरी, तिसरी, ताटातनं सांडायला लागली तरी वाढतच होती. डोळ्यांतनं पाणी आलं असतं तर सगळ्या मांडवानं बघितलं असतं. पलीकडची पाहुणी वळून बघायला लागलीच होती.

शेवंतानं मान वर केली. तिच्याकडं कधी न बघितल्यासारखं बघितलं, आणि परक्या बाईला म्हणावं तशी, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"बास करा, बाई. लई झालं. आम्ही वाटसरू माणसं, तुमचं कल्याण हुंदे."

आक्कानं हात मागं घेतला. "बरं," म्हणाली, आणि ताट घेऊन पुढच्या ओळीकडं गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.